किसनची बेंबी

॥ श्री ॥
घाटंजी, ता. १४ नोव्हेंबर १९६१

चि. किसन यास थोरल्या बहिणीचे आशीर्वाद. त्यातले निम्मे आता घे, निम्मे तू खरं बोलशील तवा देईन. इकडे सगळे खुशाल. तुझी खुशाली तू सांगतली तेवढी खरी नाही, म्हणून हे पत्र लिहून राह्यली.

भाऊबीजेले तू आला, जेवला, घोरला, साडी देऊन ढाणकीले परत गेला. सगळं रीतीनं झालं. पण मी काही आंधळी नाही. दरसाल तुले पाटावर बसवून मी तेल-उटणं लावते. औंदा तू सदराच काढायले तयार नाही. म्हणे थंडी वाजते. ज्याच्या पोटावर कापसाचा गठ्ठा बांधल्यावानी चरबी आहे त्याले कार्तिकात थंडी. मंग कसातरी सदरा काढला, तर पंचा पोटाले असा गुंडाळून बसला की जशी नवी नवरी. अन् मी ओवाळून राह्यली, दिवा तुझ्या तोंडापुढे, तर तुझा हात खाली पंच्यात. बेंबी खाजवून राह्यला होता. ओवाळणं संपेतो तो हात वर आलाच नाही. ओवाळणी टाकायले तू दुसरा हात काढला, तोही डावा.

माझी कौसल्या फिसकन हसली म्हणून मी तिच्यावर डोळे वटारले. मंग न्हाणीत जाऊन मीही हसली. तुझे भाऊजी म्हणाले की राजाले खाज आली तर प्रधानानं विचारू नये. पण मी प्रधान नाही, बहीण आहे.

तू गेल्यावर तुझी चादर धुवायले काढली. तिले हिंगाचा वास येऊन राह्यलता. अन् हिंगाखाली दुसरा एक वास होता, तो मले आवडला नाही. डागही होता, पिवळा. आता हे काय म्हणून तू सांग. मी दुसरी पास, तेही मास्तर बाबांचा दोस्त होता म्हणून. तरी एवढं समजते की नुसती खाज असली तर माणूस चारचौघांत खाजवते अन् सांगते. पंच्याआड खाजवते ती गोष्ट वेगळी असते.

तर कापसाच्या दुकानाचं गाडं दोन तास विमलच्या हाती दे अन् उमरखेडच्या दवाखान्यात दाखवून ये. डॉक्टर काय म्हणते ते उलट टपाली कळवजो. सौ. विमलले आशीर्वाद, तिचे पुरे. तिनं दिलेली जवसाची चटणी संपली, तेही कळवते.

माया आहे म्हणून शिव्या आहेत, दोन्ही जपून ठेवजो.

तुझी आक्का,
शकु


॥ श्री ॥
ढाणकी, ता. २० नोव्हेंबर १९६१

तीर्थरूप आक्कास धाकट्या किसनचा दोन्ही हात जोडून नमस्कार. दोन्ही हात, म्हणजे एकही हात पंच्यात नाही, याची नोंद घ्यावी.

पत्र पोचलं. गादीवर बसूनच वाचलं. समोर दोन कास्तकार कापसाचा भाव विचारत बसले होते. मी वाचता वाचता हसलो तर त्यांना वाटलं भाव चढला. त्यांची समजूत काढता काढता दुपार गेली. तेव्हा तुझ्या पत्रापायी माझ्या धंद्याचं किती नुकसान होतं ते बघ.

आता बेंबीचं. आक्का, तू उगाच डोंगर केला. दसऱ्यापासून माझं पोट गच्च राहते. हंगामात दिवसभर गादीवर बैठक, जेवण वेळीअवेळी. म्हणून मायचं औषध सुरू केलं. तुला आठवत असेल, एरंडीच्या तेलात हिंग कालवायचा, कापसाचा बोळा त्यात भिजवून बेंबीत ठेवायचा अन् वरून धोतराची पट्टी बांधायची. मायनं लहानपणी केलं, आपण दोघंही जगलो. अन् कापसाला आपल्याकडे काय तोटा. झोपताना हात लांबवला की ढिगातला ताजा कापूस हाती येतो. रोज रात्री नेमानं करतो. थोडी खाज आहे, थोडं ओलं राहते. औषध लागू पडून आतला मळ बाहेर येत असेल. वास हिंगाचा. डाग तेलाचा. संपलं.

दवाखान्याचं म्हणशील तर उमरखेडला डॉक्टरीणबाई आली आहे. नागपूरकडची, आपल्या कौसल्येपेक्षा थोडीच मोठी. तिच्यापुढे मी, अडत दुकानाचा मालक, सदरा वर करून बसू? उद्या ती बाजारात समोर आली तर मी कोणीकडे पाहू?

अन् एक गोष्ट हसण्यावारी नेऊ नको. पोट घेऊन दवाखान्यात गेलेला आपल्या घरातला माणूस एकच, आपले बाबा. बैलगाडीत बसून यवतमाळला गेले, येताना कसे आले ते तुला माहीत आहे. तिथल्या दवाखान्याच्या ओसरीत मी बसलो होतो. तू नव्हतीस. तेव्हापासून दवाखान्याचा तो औषधाचा वास आला की माझे पाय मागे वळतात. हंगाम आटोपू दे, मग पाहू.

विमल चटणी करून ठेवते आहे. भाऊजींना नमस्कार सांग, अन् राजा-प्रधानाचं ते बोलणं मला पटलं हेही सांग.

तुझ्या रागावर माझा हक्क आहे, तो दुसऱ्या कोणाला देऊ नये.

तुझा,
किसन


॥ श्री ॥
घाटंजी, ता. २६ नोव्हेंबर १९६१

चि. किसनले आशीर्वाद, पण ते हाती काठी घेऊन. तुझं पत्र कौसल्यानं वाचून दाखवलं, मंग मी स्वतः वाचलं, मंग चुलीत टाकणार होती, पण तुझं अक्षर चांगलं आहे म्हणून ठेवलं.

पह्यले लाजेचं. अरे बैताडा, तुझी बेंबी आपल्या अर्ध्या गावानं पाह्यली आहे. शाळेत जाईतो तू कमरेच्या करगोट्याशिवाय अंगावर दुसरं काही टिकू दिलं नाही. बाजारात हरवला तवा दवंडीवाल्यानं खूण विचारली, तर मी हेच सांगतलं की बेंबी खोल आहे, त्यात हरभरा राहते. कायले की तूच हरभरा ठेवून साऱ्या पोरांले दाखवत फिरे. अन् आता म्हणे डॉक्टरीणबाई. तू जन्मला तवा नाळ कापणारी बाईच होती ना? तिच्यापुढे नाही लाजला. त्या पोरीनं नागपुरात एवढी वर्षं शिकून तुझ्यापेक्षा मोठमोठी पोटं पाह्यली असतील. तुझ्या पोटाची ती काय आठवण ठेवते.

दुसरं, मायचं औषध. माय ते पोट दुखे त्या रात्री करे. एखाद रात्री. तू महिना-दीड महिना रोज करून राह्यला, पोट गच्चचं गच्च, वरून खाज. म्हणजे एक दुखणं होतं त्याची दोन केली. अन् मळ बाहेर येऊन राह्यला म्हणतो. मळ असा ओला नसते. पिवळा डाग तेलाचा नसते, मी जलमभर तेलाचे डाग धुतले आहे, मले नको शिकवू.

आता बाबांचं. ते तू काढलं म्हणून लिहिते, नाहीतर लिहिणार नव्हती. मी त्या ओसरीत नव्हती, खरं आहे. काहून नव्हती? मले कोणी कळवलंच नाही. बाबांनी पोट धरून आठवडा काढला. शेतात गेले, बाजारात गेले, लग्नात जेवले, विचारलं तर म्हणत वारा धरला. गाडी जुंपली तवा उभं राहवत नव्हतं. यवतमाळच्या डॉक्टरनं तुले काय सांगतलं ते तू मले रडत रडत सांगतलं, की आतडं फुटलं, चार दिवस आधी आणलं असतं तर माणूस चालत घरी गेला असता. तू ते विसरला. मी नाही विसरली. तुले दवाखान्याची भीती वाटते, मले त्या चार दिवसांची वाटते.

विमलसाठी या पाकिटात वेगळी चिठ्ठी घालणार होती. पण तू ती फोडशील, म्हणून तुझ्यादेखतच लिहिते. विमल, याले धरून बेंबी पाहा अन् मले खरं खरं कळव. अन् किसन, हे पत्र तिले देजो.

भावावरचा लोभ आटणारा नाही, तू पाहून घे. माझी सबुरी मात्र आटत आली.

आक्का


॥ श्री ॥
ढाणकी, ता. २ डिसेंबर १९६१

ती. सौ. आक्कांच्या पायांवर विमलचं डोकं. आपण सुखरूप असाल. आम्ही नाही, म्हणून सरळच लिहिते.

तुमचं पत्र यांनी मला दिलं नाही. दुकानातल्या गादीखाली ठेवलं होतं. आज खोळ बदलायला गादी उचलली तेव्हा हाती लागलं. म्हणून उत्तराला उशीर झाला, राग नसावा.

आक्का, हे पंधरा दिवसांपासून घरात झोपत नाहीत. दुकानात कापसाच्या ढिगापाशी झोपतात. राखण करतो म्हणतात. इतक्या वर्षांत राखण केली नाही, राखणीला माणूस आहे. मग कळलं की मला वास येऊ नये म्हणून तिकडे जातात. धोतरही स्वतः धुतात. लग्नापासून या माणसानं हातरुमाल पाण्यात बुडवला नाही, अन् आता विहिरीवर धोतर पिळताना दिसतात. शेजारणी मला विचारतात की तुम्ही असा कोणता मंत्र टाकला.

परवा शेजारच्या भगवानरावांनी यांना सांगितलं की तुमची बेंबी सरकली आहे, ती बसवावी लागेल. यांना उताणं निजवलं, बेंबीवर कणकेचा दिवा लावला अन् वर गडवा पालथा घातला. दिवा विझला अन् गडवा पोटाला असा चिकटला की निघेना. भगवानराव ओढतात, हे ओरडतात. बेंबीच्या देठापासून ओरडणं आजवर नुसतं ऐकलं होतं, परवा पाहिलं. मला हसू आलं, खोटं कशाला बोलू. पण गडवा सुटला तेव्हा बेंबीतून पू आला, थोडं रक्तही, अन् माझं हसू जागीच राहिलं.

आधी भोवती रुपयाएवढी लाली होती. आज तळहाताएवढी आहे. हात लावला तर तव्यासारखं गरम लागते. काल संध्याकाळपासून हुडहुडी भरते. मी दवाखान्याचं नाव काढलं की म्हणतात कापसाच्या चार गाड्या मोजून होऊ दे. आज मी थोडं रडले, तर म्हणाले की बाबाही रडणाऱ्यांच्याच गाडीत बसले होते. 

माझं ऐकत नाहीत. तुमच्या शिव्यांना मात्र भितात. जमलं तर या. मोठेपणानं मायेचा हात राहू द्या, मला आता तोच आधार आहे.

तुमची,
विमल


कार्ड
घाटंजी, ता. ५ डिसेंबर १९६१

विमल, आशीर्वाद सवडीनं देईन. तुझं पत्र आज आलं. माझी वाट पाहू नको. पू आहे, ताप आहे अन् लाली पसरून राह्यली, तवा एक दिवसही वाट पाहायची नसते. आजच गाडी जुंप. नाही ऐकला तर सांग की आक्का निघाली, अन् ती तुमची बेंबी भर बाजारात पाहीन म्हणते. मी उद्याच्या पह्यल्या मोटारीनं निघते. हे कार्ड अन् मी बहुतेक एकाच मोटारीत असू.

शकु


॥ श्री ॥
उमरखेड, ता. ९ डिसेंबर १९६१

चि. कौसल्येले आशीर्वाद. हे पत्र तुझ्या बाबांले वाचून दाखव. वाचताना हसायचं तिथं थांबून हस, नाहीतर त्यांले अर्धं समजत नाही.

यवतमाळ, पुसद, उमरखेड, मंग ढाणकी, एवढ्या मोटारी बदलून मी पोचली. हाडं खिळखिळी झाली. माझं कार्ड माझ्याच मोटारीतून आलं, अन् ढाणकीले उतरताच पोस्टमननं ते माझ्याच हाती दिलं. मीच वाचलं. चांगलं लिहिलं होतं.

मी गेली तर विमलनं छकडा जुंपून दारात उभा केलेला अन् तुझा मामा गादीवर बसून कापूस तोलून राह्यला. तोंड राखेसारखं, कपाळावर घाम, अन् मले पाहून म्हणे, आक्का, चहा घे. मी त्याच्याशी बोललीच नाही. कास्तकारांकडे वळली अन् सांगतलं की मालक दवाखान्यात चालला, कापूस उद्या तोला नाहीतर दुसरीकडे न्या. त्यातला एक म्हातारा चांगला निघाला. त्याची भरली गाडी तशीही उमरखेडच्या जिनिंग कारखान्याले जाऊ शकत होती. तो म्हणे, छकड्यात हादरे बसतील, मालकाले कापसावरच निजवू. तिघांनी उचलून ठेवला. जलमभर कापसावर जगला, त्या दिवशी कापसावर निजून गेला. मी अन् विमल मागून छकड्यात. वाटेत तो एकच डाव बोलला. बाबांच्या यवतमाळच्या गाडीले बैल कोणते होते ते विचारलं. मी म्हटलं, मले माहीत नाही, पण हे बैल परत येणारे आहेत.

डॉक्टरीणबाई म्हणजे खरंच पोर आहे. चष्मा, वेणी, बारीक मनगटं. किसननं दोन्ही मुठीत सदरा धरलेला, सोडतच नाही. ती रागावली नाही. तिनं विचारलं की धंदा काय. कापसाचा, तो म्हणे. मंग विचारलं की कापूस चांगला की वाईट हे नुसतं पाहून कसं समजते. आता तुझा मामा या गोष्टीवर मरणाच्या दारातही बोलेल. धागा ओढून पाहावा लागते म्हणे, अन् दाखवायले दोन्ही हात हवेत नेऊन चिमटीनं धागा ओढायले लागला. तवढ्यात तिनं सदरा वर केला. तो तसाच हात वर धरून पडला. मी नागपूरच्या शिक्षणाले मनात नमस्कार केला.

मंग तिनं बॅटरी लावली, कोमट पाण्यानं धुतलं, अन् चिमट्यानं आतून एक वस्तू काढली. काळी, कडक, चिंचोक्याएवढी. भांड्यात टाकली तर टण्णकन वाजली. तिनं ती औषधाच्या पाण्यात भिजवून फोडली तर मधून सरकी निघाली. बाई, आपल्या कपाशीची सरकी. म्हणजे रोजचे बोळे काही आंघोळीत पडले, काही झोपेत. पण एक सरकीवाला बोळा खोल जाऊन बसला, अन् हा त्याच्यावर रोज नवं तेल अन् नवा बोळा ठेचत राह्यला. तो आत कुजला. वरून भगवानरावाचा गडवा.

डॉक्टरीणबाईनं विचारलं की बोळा काढत नव्हते का. तुझ्या मामानं तिच्याकडे असं पाह्यलं की जसं तिनं काही भलतंच विचारलं. मंग हळूच म्हणे, काढायचा कायले, सकाळपर्यंत पोट पिऊन घेते ना.

 विमलनं पदर तोंडात कोंबला. मी बाहेर ओसरीत जाऊन उभी राह्यली. त्यांले वाटलं मी हसायले गेली. असू दे.

पू साचला होता तो तिनं काढला, जांभळं औषध लावलं, पेनिसिलिनच्या सुया सुरू केल्या. लघवीही तपासली, कायले की अशा जागा पुन्हा पुन्हा चिघळल्या तर रक्तात साखर असू शकते म्हणे. नाही निघाली. तरी मी जिलबी बंद केली. मले म्हणे, आणखी थोडे दिवस काढले असते तर विष अंगात भिनलं असतं अन् मंग हाती काही राह्यलं नसतं. पह्यले दोन दिवस ताप उतरेच ना. मी बाकड्यावर बसून त्याले शिव्या देत राह्यली, कायले की शिव्या थांबल्या असत्या तर तो भ्याला असता. आज ताप उतरला. सकाळी मले विचारलं की कापसाचा भाव काय आहे. तवा मी पह्यल्यांदा पोटभर जेवली.

अन् पोरी, हे तू ध्यानात ठेव, शेजारच्या बायांलेही सांग. नुसती खाज असली तर साध्या पाण्यानं धुवावं, कोरडं पुसावं, आत काही कोंबू नये, नखानं कोरू नये. चार दिवसांत थांबली नाही तर दाखवावं. पण पू आला, रक्त आलं, वास आला, लाली पसरली, गरम लागलं किंवा ताप आला तर त्याच दिवशी बैल जुंपावे. अन् बेंबीत गाठ येऊन दुखली अन् उलट्या झाल्या तर जेवण अर्धं टाकून निघावं. हे त्या पोरीनं मले दोनदा सांगतलं. मले दोनदा सांगायची गरज नव्हती, पण किसन ऐकून राह्यला होता म्हणून मी दुसऱ्यांदा मोठ्यानं विचारलं.

तूर वाळवायले घातली असशील. तुझ्या बाबांले म्हणावं, प्रधानानं विचारलं म्हणून राजा वाचला.

पोटच्या पोरीले काय लोभ मागायचा, तो घरात आहेच. मी आल्यावर घर झाडलेलं दिसावं.

तुझी माय


॥ श्री ॥
ढाणकी, ता. २९ डिसेंबर १९६१

तीर्थरूप आक्कास किसनचा पोटभर नमस्कार. पोटभर लिहिलं, कारण पोट आता बरं आहे.

जखम भरली. लाली गेली. बेंबी रोज धुतो, पंच्याच्या टोकानं कोरडी करतो, अन् विमल जवळ उभी राहून पाहते. या वयात माझ्या आंघोळीला हवालदार बसला. भगवानराव गडवा घेऊन दोनदा चौकशीला आले. विमलनं त्यांना गडव्यात ताक भरून दिलं अन् गडवा रिकामा झाला की घरीच राहू द्या म्हणून सांगितलं.

डॉक्टरीणबाई परवा बाजारात भेटलीच. मी वांग्यांच्या ढिगाआड गेलो, पण तिनं पाहिलं, अन् चार गिऱ्हाइकांसमोर विचारलं की पोट कसं आहे. मी म्हटलं चांगलं आहे. मग तिनं सुती लुगड्यांच्या पालापाशी नेऊन धागा ओढून दाखवा म्हटलं. एक लुगडं मी तिला निवडून दिलं. आता मी कोणीकडेही पाहू शकतो.

आक्का, एक विचारायचं आहे. हसू नको. मायनं रात्री ठेवलेला बोळा सकाळी नसायचा. मला चांगलं आठवते. जाग आली की मी आधी बोट घालून पाहत असे. बेंबी साफ, कोरडी. पट्टीही नाही. अंथरुणात शोधलं तरी बोळा कधी सापडला नाही. म्हणून मला वाटे की पोट पिऊन घेते. एवढा मोठा झालो, धंदा केला, लोकांचा कापूस पारखला, पण त्यावर कधी शंका आली नाही. विमल म्हणते, झोपेत पडत असेल. पण मग गेला कुठे? तुला माहीत असेल तर लिही.

दवाखान्याच्या बाकड्यावर तू जेवढ्या शिव्या दिल्या त्या सगळ्या मी ऐकल्या. डोळे मिटलेले होते तरी ऐकल्या.

धाकट्याचं जे काही चुकेल ते पदरात घेत राहावं. तुझा पदर मोठा आहे.

तुझा,
किसन


॥ श्री ॥
घाटंजी, ता. ४ जानेवारी १९६२

चि. किसनले आशीर्वाद. मागचे निम्मे बाकी होते, तेही या पत्रात घातले आहेत. नीट मोजून घे.

तुले वाटलं मी उमरखेडच्या त्या ओसरीत हसायले गेलती. सगळ्यांले तसंच वाटलं. मी हसली नाही.

बोळा कुठे जाय ते मले माहीत आहे. माय जात्यावर बसायच्या आधी, अंधारातच, पह्यले तुझ्यापाशी येई. पट्टी सोडे. करंगळीनं बोळा काढे. पदराचं टोक ओलं करून बेंबी पुसे, मंग कोरड्या टोकानं पुसे. श्वास धरून करे, तू जागा होऊ नये म्हणून. जागा झाला की तू साऱ्या घराले जागं करे, एवढा रडका होता. बोळा ती चुलीत टाके. त्याचा हिंगाचा वास घरभर होई. तू उठला की विचारे, माय, आज कायची फोडणी दिली. ती तुले नुसती भाकर देई.

मंग तो हिवाळा, माय दम्यानं खाटेवर पडली. तुझं पोट दुखलं की बोळा ती निजल्या निजल्याच ठेवे, पण पहाटे तिले उठवत नव्हतं. पह्यल्या पहाटे तिनं मले हात लावून उठवलं अन् तुझ्याकडे बोट दाखवलं. मले वाटलं तुले पांघरूण घालायचं. ती पुन्हा बोट दाखवे. मंग समजलं. मी ओढला तो जोरानं ओढला, तर तू झोपेतच मले लाथ मारली. माय खाटेवर एवढी हसली की तिले खोकला आला. दुसऱ्या डावाले मी शिकली. माय गेल्यावरही, माझं लग्न होईतो, मीच ठेवे अन् मीच काढे. मी सासरी आली तवा तुले बोळा ठेवणारंही कोणी राह्यलं नाही, म्हणून काढायचं कामच उरलं नाही.

तुले कोणी सांगतलं नाही, कायले की तुले जागंच करायचं नव्हतं. तू झोपला होता म्हणून तुले वाटलं पोट पिऊन घेते. मी जागी होती म्हणून मले माहीत.

त्या पोरीनं चिमटा घातला अन् तू म्हटलं की पोट पिऊन घेते, तवा मले मायची करंगळी दिसली. म्हणून बाहेर गेली. आता हे पत्र विमलले दाखवू नको. किंवा दाखव, तिच्यापासून तू काय लपवशील, धोतर तर लपवता आलं नाही.

आता कामाचं. बेंबीत काहीच ठेवायचं नाही, तेलही नाही, हिंगही नाही. हिंग विमलनं वरणात घालावा. पोट गच्च झालं तर गादीवरून उठून शिवारापर्यंत चालून येजो, अन् नाही उतरलं तर त्या पोरीकडे जाजो, आता तर ती तुझी लुगड्याची गिऱ्हाईक आहे. पुढच्या भाऊबीजेले सदरा काढूनच पाटावर बसायचं. पंचा चालणार नाही. मी कौसल्येसमोर पाहीन, अन् हरभरा राहते का तेही पाहीन.

तरी सवयीनं कधी बोळा ठेवलाच, तर मले कळवजो. मी पहाटेच्या मोटारीनं काढायले येईन. तू झोपून राहजो.

तुझी आक्का,
शकु